कानोलीच्या रिकाम्या नळीने मठ राखिला त्याची हकीकत

श्रीअन्नपूर्णा चुलीत जागती असो, वाचणाराचे तोंडास चव असो. शके चौदाशे नव्वद, विभवनाम संवत्सरे, माघमासी पश्चिम समुद्रातील एका बेटावर ऐसे वर्तमान जाहले की, तेथील महाराजांनी जोगिणींचा मठ मोडून त्या जागी पागा बांधावी हे मनी धरिले. मठात अगातीनाबाई म्हणोन जोगीण, पोरक्या येऊन चुलीपाशीच वाढलेल्या, त्यांस दुसरे घर नाही. बहुत रडल्या, आणि मग डोळे पुसोन नदीकाठचा वेत तोडिला, आणि पातळ लाटी वेतावर गुंडाळोन तळिली, आणि वेत ओढोन काढिला तो खुसखुशीत नळी उरली, तीत मेंढीच्या दुधाचे पनीर साखरेत घोटोन भरिले. तेच कानोली नामे पक्वान्न. मग बाईंनी अर्ज केला की, सणाचे पंगतीस आमचे हातचे एकवार खावे, मग मठ मोडावा. महाराज "बरे" म्हणाले.

हे ऐकोन मुदपाकखान्याचे दरोगे बार्तोलोपंत यांनी, बाई आपणांवर वरचढ होऊ नयेत म्हणोन, तेच पक्वान्न पहाटेसच भरोन सोन्याचे ताटी रचिले, कारण दरबारची रीत ऐसी की महाराज येण्यापूर्वी पान पूर्ण वाढिलेले असावे. बाईंनी मात्र रिकाम्या नळ्या मांडिल्या आणि पनिराची पिशवी उराशी धरोन उभ्या राहिल्या. पंत बोलिले, "महाराजांपुढे फुंकण्या मांडिल्या काय हो बाई?" दरबार खो खो हसला. बाईंनी पिशवी सोडिली नाही. महाराज शिकारीहून प्रहरभर उशिरा आले, आणि पंतांची कानोली उचलिली तो ती भिजल्या वहाणेसारखी लोंबली. मग बाईंस पुसिले, "ही रिकामी का?"

"भरोन ठेविली की भिजते, महाराज. आपण बसलात, आता भरते."

भरिली, आणि महाराजांनी दात लाविला तो कर्रकन ऐसा आवाज जाहला की दारीचा भालदार दचकला. सात खाऊन महाराज गरजले, "मठ मोडा म्हणणारा कोण तो?" हुकूम महाराजांचाच होता, परंतु सर्वांनी पंतांकडे पाहिले. मग आज्ञा जाहली, "राणीसाहेबांस चार भरोन बांधोन द्या." बाईंनी हात जोडिले, "बांधोन मिळणार नाही. ज्यास खाणे त्याने चुलीपाशी यावे." महाराज खळखळोन हसले, आणि दुसरे दिवशी राणीसाहेबांसह मठी येऊन चुलीपुढे पाटावर बसले.

एवं मठ राहिला, बाईंची चूल राहिली. पागेचे घोडे दाराबाहेर उभे राहिले, धनी आणखी एक मागत होते म्हणोन.