संस्थापकांनाही सवलत नाही

"आता बघाच! असा नियम करतो, की फुकट्यांच्या सात पिढ्या दाद देत बसतील!"

संस्थापकांनी टेबलावर मूठ आपटली. कपातला अर्धा चहा बशीत उतरला. संस्थापक म्हणजे दिवसा विमा कचेरीतले कारकून, आणि उरलेल्या वेळात हौशी छायाचित्रकारांच्या एका संकेतस्थळाचे मालक, चालक आणि झाडूवाले. दुखणं एकच होतं. लोक येत, दुसऱ्यांचे फोटो पोत्याने डाउनलोड करत आणि साधं 'छान' म्हणायचीही तसदी न घेता पसार होत.

म्हणून नवी व्यवस्था आली. डाउनलोडला एक गुण लागणार. गुण हवा तर दुसऱ्याच्या फोटोवर प्रामाणिक अभिप्राय द्यायचा. फोटोवाल्याला तो पटला तर एक गुण जमा, मनाला लागला तर एक वजा. शिवाय डाउनलोड होणाऱ्या प्रत्येक फोटोवर तो काढणाऱ्याचं नाव आपोआप उमटणार!

"आणि तुम्हाला सूट?" बायकोने विचारलं.

"छे! कायदा म्हणजे कायदा!"

भरात येऊन त्यांनी मालकाचा खास पासवर्डसुद्धा 'ढगवाले' या ज्येष्ठ सभासदाच्या हवाली केला, वर तो बदलूनही घ्यायला लावला. टाळ्यांच्या चित्रांचा पाऊस पडला.

आठवडाभरात प्रकाशकांचा फोन आला. एका कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठासाठी त्यांना संस्थापकांचा फोटो हवा होता: बंद पडलेल्या सिनेमागृहाची तिकीटखिडकी. खाली छायाचित्रकार म्हणून नाव! आयुष्यात प्रथमच! संस्थापकांनी ही बातमी कचेरीतल्या शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वांना सांगितली आणि मग त्यांना आठवलं, की मूळ फोटो जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेला. सिनेमागृहही पाडलेलं. संकेतस्थळावर बाहेरून दिसे तो फोटो टपालाच्या तिकिटाएवढा. मोठा हवा तर डाउनलोड करा. आणि गुण? शून्य!

"ढगवाले, जरा पासवर्ड द्या बरं."

"कायदा म्हणजे कायदा," ढगवाले म्हणाले. "अभिप्राय द्या की! माझ्यापासूनच सुरुवात करा."

संस्थापकांनी प्रामाणिकपणे लिहिलं : 'हा ढग मागच्या महिन्यातल्या ढगासारखाच दिसतो.' एक गुण वजा! मग एका तान्ह्या बाळाच्या फोटोखाली लिहिलं : 'बाळ फोकसमध्ये नाही, पण त्याने काही बिघडलेलं नाही.' फोटो तिघांच्या नावावर होता; बाळाच्या आईने, बापाने आणि आत्याने एकेक करून तीन गुण कापले. संध्याकाळपर्यंत संस्थापक विहिरीत पोहरा जावा तसे खोल खोल गेले.

"अहो, शून्याच्या खालीही जागा असते हे आजच कळलं," बायको म्हणाली. "आईला विचारा. तिच्याकडे गुणांचा ढीग आहे."

"आईंकडे? कसा काय?"

तर सासूबाई प्रत्येक फोटोखाली एकच अभिप्राय लिहीत : 'छान आहे हो. जेवलात का?' ज्या जगात आपल्याला कोणी काही विचारत नाही, तिथे एवढं पुरलं. सभासद गहिवरून गुण देत होते. खुद्द ढगवाल्यांनी पाच दिले होते!

संस्थापकांनी अभिमान गिळून फोन लावला.

"आई, उद्या छपाई आहे. एवढी माझी तिकीटखिडकी उतरवून घ्याल का?"

"त्यात काय, जावईबापू! प्रकाशकांचा नंबर द्या, परस्पर पाठवते. तुम्ही निवांत झोपा. जेवलात का?"

संस्थापक जेवले आणि झोपलेही.

पुस्तकाचं पाकीट त्यांनी कचेरीत, सर्वांदेखत फोडलं. मुखपृष्ठावर खिडकी होती. सताड उघडी. तिच्यात एक लठ्ठ मांजर, तेही धुक्यात बसल्यासारखं अंधूक. संस्थापकांनी तिथूनच फोन लावला.

"आई, हे काय?"

"अहो, तुमची खिडकी बंद होती ना! बंद खिडकी बघून पुस्तक उघडेल का कोणी? मी काढलेल्या मांजराच्या फोटोत उघडी होती, तीच उतरवून पाठवली. प्रकाशक म्हणाले, ही जास्त बोलकी आहे!"

साहेबांनी चष्मा पुसून पुस्तक जवळ धरलं. कोपऱ्यात सासूबाईंचं नाव ठळक, स्वच्छ, आपोआप उमटलेलं होतं. व्यवस्थेत तसूभरही खोट नव्हती.

"यात तुमचं काय आहे हो?" साहेबांनी विचारलं.

संस्थापकांनी पुस्तक परत घेतलं.

"नियम," ते म्हणाले.