आप्पांची नवी खिडकी

निवृत्त झाल्यापासून आप्पांना घरात कोणी काही विचारेनासं झालं होतं. कचेरीत त्यांच्या खिडकीपुढे भल्याभल्यांनी हात जोडले होते. घरात मात्र पंख्याचा वेग ठरवायचा अधिकारही सुनेकडे गेला होता. हे त्यांना फार लागलं होतं. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात रिकाम्या बाटल्या घेऊन पैसे देणारं यंत्र बसलं, तेव्हा त्यांनी जाहीर करून टाकलं, की यापुढे घरातल्या बाटल्या ते स्वतः विकणार आणि साखर स्वकमाईची येणार. बायको नुसतं "बरं" म्हणाली. तिचं हे "बरं" आप्पा चांगलं ओळखून होते.

मळका कागद त्यांनी आयुष्यात कधी खिडकीतून आत घेतला नव्हता. तेव्हा चिकट बाटल्या घेऊन जाणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी सगळ्या बाटल्या बादलीत भिजत घातल्या, घासल्या आणि लेबलं खरवडून काढली. घरच्यांच्या आंघोळी त्या दिवशी राहिल्या त्या राहिल्याच.

यंत्राला दोन तोंडं होती, एक काचेच्या बाटल्यांसाठी, एक प्लास्टिकच्या. आप्पांनी पहिली चकचकीत बाटली काचेच्या तोंडात ठेवली. यंत्राने ती बाहेर ढकलली. दुसरीही ढकलली. तिसरी तर जरा रागानेच ढकलली.

"लेबल कुठंय?" दुकानदाराने गल्ल्यावरून विचारलं.

"धुतलं."

"अहो आप्पा, लेबलावरच्या रेघा वाचूनच ते पैसे देतं."

आता रिकाम्या हाताने घरी कोणत्या तोंडाने जायचं? पिशवी धुंडाळल्यावर लेबल न सुटलेली एकच बाटली निघाली. यंत्राने ती गपकन आत घेतली आणि आप्पांच्या डोक्यात प्रकाश पडला. हे लेबल परत मिळालं, तर आळीपाळीने बाकीच्या बाटल्यांना लावता येईल! त्यांनी घाईने हात घातला. हात कोपरापर्यंत गेला आणि वरून झडप बसली. पडद्यावर अक्षरं उमटली, 'कृपया पुढची बाटली ठेवा.'

दुखत नव्हतं, पण सुटतही नव्हतं. दुकानदाराने तेल लावून पाहिलं, मग मेकॅनिकला आणि आप्पांच्या घरी फोन केला. मेकॅनिक म्हणाला, येतो, तोवर ओढाओढ करू नका.

तेवढ्यात एक बाई प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन आल्या. यंत्राला असा चिकटून उभा असलेला माणूस इथलाच असणार, असं समजून त्यांनी पिशवी आप्पांपुढे धरली. आप्पांनी सवयीने एक बाटली उचलली, उलटसुलट पाहिली आणि परत केली. "तळाशी पाणी आहे. ओतून आणा."

बाई मुकाट्याने ओतून आल्या. कितीतरी दिवसांनी कोणीतरी आप्पांचं ऐकलं होतं. त्यांना अगदी भरून आलं. मोकळ्या डाव्या हाताने त्यांनी बाटल्या शेजारच्या तोंडात टाकल्या. मग लोक येतच गेले. आप्पांनी त्यांना भिंतीलगत उभं केलं, झाकणं आधीच काढून ठेवायला लावली, मध्ये घुसू पाहणाऱ्या एका वकिलांना शेवटी पाठवलं. रांग दुकानाबाहेर गेली, पण सरळ गेली.

बायको जेवणाचा डबा घेऊन धावतपळत आली आणि थेट पुढे घुसली. तिचे डोळे पाण्याने भरले होते.

"अहो, फार दुखतंय का?"

"रांगेत ये," आप्पा म्हणाले.

ती काहीतरी बोलणार होती, पण आप्पांचा चेहरा असा खुललेला तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. ती गपचूप मागे जाऊन उभी राहिली. पाठोपाठ मेकॅनिक आला.

"मी तुम्हाला सोडवायला आलोय," तो म्हणाला.

"घाई सगळ्यांनाच असते," आप्पा वर न बघता म्हणाले. मेकॅनिक बायकोच्या मागे जाऊन उभा राहिला.

रांग हळूहळू सरकत बायकोपर्यंत आली. तिने डबा पुढे केला. आप्पांनी तो घेतला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तिच्या मागे पाना घेऊन ताटकळलेल्या मेकॅनिकला सांगितलं, "आता जेवणाची सुट्टी. नंतर या."