डोंगरातलं आरमार

शौर्य गाजवायला एक क्षण पुरतो. ते ओळखायला मात्र समिती लागते. ज्याने ते गाजवलं त्याला गडबडीत काही कळलेलं नसतं, ज्याच्यावर गाजवलं तो सांगायला उरलेला नसतो आणि वरिष्ठ अधिकारी त्या वेळी बहुधा जेवत असतात. तेव्हा शंभर वर्षांनी काही निवृत्त माणसांनी कॉफी पीत पीत निर्णय देणं, हाच त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग उरतो.

आमच्या ओबरवाल्डाउमध्ये ही सोय आहे. गाव थुरिंगियाच्या डोंगरात, देवदारांच्या जंगलात. जर्मनीत सात माणसं एकत्र आली की संस्था नोंदवता येते. (आठवा आला की दुसरी निघते. हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.) त्याप्रमाणे आमच्याकडे ‘कैसरकालीन पदक-परीक्षण मंडळ’ आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारी तीन वाजता, ‘काळा बोकड’ या खाणावळीच्या मागच्या खोलीत सभा भरते.

मी मूळचा मिरजेचा. भिंगांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे इथे आलो, त्याला २०१४ साली बावीस वर्षं झाली होती. मंडळाने मला चिटणीस केलं त्याची ठरावात दोन कारणं नोंदवली आहेत. एक, माझ्याकडे स्वतःचं भिंग आहे. दोन, माझ्या घराण्यातलं कोणीही कैसरच्या फौजेत नसल्यामुळे माझा कुणाला त्रास नाही.

परीक्षणाची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. इथल्या घरांतून सापडतो तो मुख्यतः लोखंडी क्रॉस. पहिल्या महायुद्धात त्याच्या दुसऱ्या वर्गाची सुमारे पन्नास लाख वाटली गेली, त्यामुळे ज्या घरात तो नाही त्या घराकडे लोक जरा संशयाने बघतात. चौकट चांदीची, पोटात काळं लोखंड, मधोमध सम्राटाच्या नावाचं आद्याक्षर. फीत काळी आणि तिला पांढऱ्या रेघा असतील तर माणूस लढला. फीत पांढरी आणि रेघा काळ्या असतील तर माणूस लढणाऱ्यांच्या जवळपास होता. (अशा घरांतल्या फिती ‘धुण्यात रंग उतरलेल्या’ असतात.) अध्यक्ष आधी क्रॉस हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतात, मग “हं” म्हणतात, मग चुंबक लावतात. चिकटला तर खरा. नाही चिकटला तर नक्कल.

अध्यक्ष म्हणजे वेंडेलिन ट्राउटमान. वय शहात्तर. सगळी नोकरी वजनमाप निरीक्षक म्हणून केलेली, त्यामुळे तालुक्यातला एकही खाटीक त्यांना मनापासून ‘नमस्कार’ म्हणत नसे. चुंबक त्यांच्या मालकीचा, नालाच्या आकाराचा, लाल रंगाचा. उपाध्यक्ष डॉक्टर ऑर्टलेप हे निवृत्त दंतवैद्य. ते क्रॉसच्या कडीवरचा कारागिराचा बारीक ठसा दातांच्या आकड्याने साफ करून वाचतात, आणि सवयीने समोरच्याला म्हणतात, “जरा दुखेल.” त्यांचंही चुकत नाही. २०१४पर्यंत मंडळाने एकशे चौऱ्याऐंशी क्रॉस तपासले होते. पैकी त्रेसष्ट चुंबकाला चिकटले नाहीत. या त्रेसष्ट कुटुंबांपैकी अकरा रडली, नवांनी चुंबकच खोटा असल्याचा आरोप केला आणि उरलेली त्रेचाळीस गावजेवणाला आमच्या टेबलावर बसेनाशी झाली. सत्याला एवढी किंमत मोजावीच लागते, असं ट्राउटमान म्हणत. मोजत मात्र ती कुटुंबं.

ट्राउटमानांच्या खुर्चीमागे भिंतीवर, काचेच्या चौकटीत, त्यांच्या आजोबांचा क्रॉस होता. आजोबा गोटहोल्ड ट्राउटमान, पत्र्याची कामं करणारे, फ्रान्समधल्या वेर्डाँच्या खंदकांतल्या लढाईचे वीर. हा क्रॉस कधीच तपासला गेला नव्हता. नियम नऊनुसार ‘भिंतीवर टांगलेली वस्तू ही पदक नसून सजावट समजावी.’

२०१४ साली महायुद्धाला शंभर वर्षं झाली म्हणून मंडळाने गावासाठी खुलं परीक्षण ठेवलं. आलुबुखारचा केक होता, रांग अंगणापर्यंत होती. पाचव्या नंबरावर नळदुरुस्ती करणारा हाप्पे आला. दांडगा माणूस. पणजोबांचा क्रॉस त्याने बायकोच्या रुमालातून काढला. ट्राउटमानांनी “हं” म्हटलं, चुंबक लावला. चुंबक सुटून टेबलावर पडला.

“नक्कल,” ट्राउटमान म्हणाले. “पुढचे.”

“अहो, पुढचे काय पुढचे!” हाप्पे म्हणाला. “माझा पणजा तिकडे पाय गमावून आला, तो काय जत्रेत?”

“पायाबद्दल मंडळाचं काही म्हणणं नाही.”

“मग तो तुमच्या डोक्यामागचा काढा की खाली. लावा चुंबक.”

मी नियम नऊ वाचून दाखवला. रांगेतून कोणीतरी ओरडलं, “वजनमाप साहेबांचं माप कोण बघणार?” आणि अंगणापर्यंत हशा पोचला. ट्राउटमानांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी चौकट काढली, काच उघडली, क्रॉस टेबलावर ठेवला. “हं” म्हटलं नाही. चुंबक लावला. तो घसरला आणि केकमध्ये पडला.

खाणावळीत एवढी शांतता मी फक्त फुटबॉलमध्ये जर्मनी हरते तेव्हा ऐकली आहे. ट्राउटमान खुर्चीला धरून उभे होते. एकशे चौऱ्याऐंशी वेळा त्यांनी जो शब्द सहज उच्चारला किंवा टाळला होता, तो आता त्यांच्या तोंडून निघेना.

अशा वेळी विद्वान माणूस उपयोगी पडतो. डॉक्टर ऑर्टलेपनी क्रॉस आकड्याने खरवडला, डोळ्याशी धरला आणि म्हणाले, “थांबा. आरमारी आहे हा.”

“काय आहे?”

“आरमारी! जहाजावर होकायंत्र असतं. खलाशाच्या छातीवर लोखंड असेल तर सुई त्याच्याकडे वळणार. जहाज भलतीकडे! म्हणून आरमारासाठी खास बिनलोखंडी क्रॉस बनवत. जाणकार म्हणतात तसं.” (हे खरं आहे. जाणकार तसं म्हणतात. विशेषतः ज्यांच्याकडे बिनलोखंडी क्रॉस असतो ते जाणकार.)

“पण यांचे आजोबा वेर्डाँला होते ना?” मी चिटणीस या नात्याने विचारलं.

“तिथून बदली झाली असेल. पुरावा आहे.” त्यांनी भिंतीवरचा जुना फोटो दाखवला. त्यात गोटहोल्ड ट्राउटमान कोचावर हात ठेवून उभे होते आणि पाठीमागे लाटा, जहाज आणि दीपगृह. तसा पडदा त्या काळी प्रत्येक फोटोवाल्याकडे असे. क्रॉस आरमारी असल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. ट्राउटमान काहीच बोलले नाहीत. माझ्या टिपणात तेवढ्यापुरतं ‘अध्यक्षांनी नम्रतेने मौन पाळलं’ असं आहे.

हाप्पे नळ दुरुस्त करत असला तरी बुद्धीने मंद नव्हता. “म्हणजे माझा पणजाही आरमारातच की,” तो म्हणाला. “पाय शार्कने नेला असेल.”

नाही म्हणायला शास्त्रात जागा नव्हती. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट कुटुंबांना निरोप गेले, आणि सगळ्यात जवळचा समुद्र चारशे किलोमीटरवर असलेल्या आमच्या गावाने हाप्पे आणि अध्यक्षांची घरं धरून एका दुपारी पासष्ट नौसैनिक दिले. रडलेली अकरा कुटुंबं पुन्हा रडली, पण या वेळी आनंदाने.

रांगेत सर्वांत शेवटी हेडविग ब्रोमे होत्या. वय एक्क्याऐंशी, पूर्वी बेकरी चालवायच्या. माहेर उत्तरेला समुद्रकाठचं, लग्न होऊन डोंगरात आलेल्या. आपला क्रॉस त्यांनी पिठाच्या डब्यातून आणला होता. साम्यवादी राजवटीची चाळीस वर्षं तो तिथेच होता.

“माझे आजोबा हिन्रिक,” त्या म्हणाल्या. “जहाजावर कोळसा टाकायचे. शेवटच्या रजेला आले तेव्हा हा आजीपाशी ठेवून गेले. १९१६ साली जहाज बुडालं. त्यांना मी पाहिलेलं नाही. खरा आहे का तेवढं सांगा, पणतू शाळेत नेणार आहे.”

चुंबक क्रॉसवर असा टक्कन बसला की काढायला दोन हात लागले.

“अस्सल!” डॉक्टर ऑर्टलेप म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा पडला. “पण चिकटला. चिकटला म्हणजे भूदलाचा. आपले आजोबा आरमारात नव्हते, बाई.”

“जहाजाच्या कप्तानाचं पत्र आहे माझ्याकडे.”

“पत्रं काय, कोणीही लिहितं. चुंबक खोटं बोलत नाही.”

“मग ते बुडाले कुठे हो?”

समितीने पाच मिनिटं विचारविनिमय केला. “समुद्रात,” डॉक्टर म्हणाले. “पण भूदलाच्या वतीने.”

मी तसं लिहून घेतलं. आज सांगायला लाज वाटते, पण अक्षर सुंदर आलं होतं. ब्रोमेबाईंनी ट्राउटमानांकडे पाहिलं. ट्राउटमान चुंबकावरचा उरलासुरला केक पुसत होते. बाईंनी क्रॉस डब्यात टाकला, झाकण लावलं आणि “बरं” म्हणून निघून गेल्या.

ऑगस्टमध्ये मासेपालनाच्या तळ्याकाठी स्मारक उभं राहिलं: ‘सागराने आम्हांस हाक दिली.’ खाली पासष्ट नावं. नगराध्यक्षांनी भाषणात गावाच्या ‘दर्यावर्दी परंपरे’चा उल्लेख केला. अग्निशमन दलाच्या वाद्यवृंदाने खलाशांची गाणी वाजवली. शोभेचा नांगर एका बंद पडलेल्या मासळीच्या हॉटेलातून आणला होता. अनावरणाच्या वेळी तो तळ्यात पडला आणि तरंगला. तरी टाळ्या वाजल्या.

ट्राउटमान त्या समारंभात पहिल्या रांगेत बसले होते, पण त्यांनी सॉसेजला हात लावला नाही. पुढच्या रविवारी दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले. “चिटणीस, कोट घाला. ब्रोमेबाईंकडे जायचंय. एकट्याने धीर होत नाही.”

बाईंनी कॉफी केली. ट्राउटमानांनी खिशातून आजोबांचा क्रॉस काढून मेजावर ठेवला.

“हा शिशाचा आहे,” ते म्हणाले. “सांडपाण्याच्या नळाचा. शेहेचाळीसच्या हिवाळ्यात आजोबांनी चुलीवर वितळवला आणि खऱ्याच्या साच्यात ओतला. मी आठ वर्षांचा होतो, शेजारी उभा होतो. खरा क्रॉस त्यांनी एका शेतकऱ्याला देऊन बटाट्याचं पोतं आणलं. आम्ही पाच भावंडं होतो. आजीला कळू नये म्हणून ही नक्कल.”

“आणि कळलं?”

“बटाटे बघितल्यावर लगेच. पण ती मरेपर्यंत रोज हा क्रॉस पुसायची. अडुसष्ट वर्षं मला माहीत आहे, बाई. आणि मी लोकांना ‘नक्कल, पुढचे’ म्हणत आलो.”

ब्रोमेबाईंनी शिशाचा क्रॉस तळहातावर तोलला. “मेल्या, मग हे सांगायचं सोडून आजोबांना समुद्रात कशाला ढकललंस?” त्या एकदम एकेरीवर आल्या. “जिवंत होते तोवर पोरांना खाऊ घातलं, आणि मेल्यावर तू त्यांना खलाशी केलंस!”

ट्राउटमानांचे डोळे भरून आले. नाक शिंकरून ते म्हणाले, “तुमच्या आजोबांचं नाव दगडावर घालतो. सर्वांत वर. मी स्वतः कोरून घेईन.”

“नको रे बाबा. तिथे पासष्ट खलाशी आहेत आणि त्यांतल्या एकालाही पोहता येत नाही. माझ्या आजोबांनी एकट्याने कोणाकोणाला काढायचं?”

आणि त्या इतक्या हसल्या की ट्राउटमानांनाही हसावं लागलं. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो. वजन एकदम कमी झाल्यासारखे दिसत होते.

पुढच्या सभेत त्यांनी सगळं उभं राहून सांगितलं आणि चौकटीखाली नवी पाटी लावायचा ठराव मांडला: ‘नक्कल. अस्सल क्रॉसच्या बदल्यात एक पोतं बटाटे, १९४६.’ ठराव एक विरुद्ध अकरा मतांनी फेटाळला गेला. अध्यक्षांचे आजोबा आरमारात नव्हते असं ठरलं तर उरलेल्या चौसष्टांचं काय, असा प्रश्न हाप्पेने विचारला. (तो आता सभासद आहे.) डॉक्टर ऑर्टलेपनी खुलासा केला की अध्यक्षांची स्मृती वयोमानाने क्षीण झाली असून आठ वर्षांच्या मुलाचं निरीक्षण शास्त्रात धरत नाहीत. ट्राउटमानांनी चुंबक टेबलावर ठेवला आणि राजीनामा दिला. हल्ली ते शनिवारी ब्रोमेबाईंकडे पत्ते खेळतात. हाप्पे अध्यक्ष आहे. तो “हं” फार छान म्हणतो.

ते एक मत माझं होतं, असं मी मिरजेला सगळ्यांना सांगतो.

आपण हे वाचून हसलात, ते बरोबरच आहे. परक्यांच्या आजोबांवर हसायला हरकत नसते. आता फक्त एक बारीकशी माहिती मंडळाच्या दप्तरासाठी हवी आहे. ज्यांचे पूर्वज पानिपतावर भाऊसाहेबांच्या अगदी शेजारी घोड्यावर होते, अशा वाचकांनी कृपया हात वर करावेत.

बापरे.

खाली घ्या. आता एवढंच सांगा, इतकी माणसं असताना आपण हरलो कसे?