तात्यांचं देवक

नवा माणूस भेटला की आपण नाव-गाव विचारतो. सोपानतात्या देवक विचारायचे. देवक म्हणजे कुळाचं झाड. लग्नात त्याची डहाळी पूजतात आणि एरवी त्याला कुऱ्हाड लावत नाहीत. एखाद्याला आपलं देवक ठाऊक नसलं की तात्या जागेवर नेमून द्यायचे. "तुमचं हिवर. मला म्हाईत हाय." आणि ते झाड नेमकं आमच्या गावच्या गायरानातलंच निघायचं.

हा नाद लागला लाकडाचा ठेकेदार आल्यापासून. गायरानातलं जुनं रान, म्हणजे पळस, धावडा, हिवर, सगळं मशीनमध्ये घालून चिपा करायच्या आणि कारखान्याच्या बॉयलरला पाठवायच्या. बदल्यात तो मारुतीपुढं सभामंडप बांधून देणार होता. गाव खूश होतं. मीही होतो, मंदिराच्या समितीचा अध्यक्ष मीच.

मशीन आली तशी तात्यांनी तिच्यापुढं मांडी घातली आणि ड्रायव्हरला देवक विचारलं. तो सेलूचा पोरगा. त्यानं आईला फोन लावला. आई म्हणाली, असंल बाबा धावडा, कशाला विषाची परीक्षा. पोरगा गेला निघून. दुसरा ड्रायव्हर मुसलमान होता. आता तात्या काय करतात ते बघायला गाव गोळा झालं.

"चाचा, तुमच्यात देवक न्हाई," तात्या म्हणाले. "पर काल दुपारची नमाज कुण्या सावलीत पढलात?"

चाचांनी किल्ली काढून खिशात टाकली.

ठेकेदार माझ्याकडं आला. म्हातारा दोन दिवस गावात नसला की काम उरकतं, म्हणाला. माझ्या नातीचं लग्न मानवतला होतं. मी तात्यांना म्हणालो, "आमचं देवक पळस. डहाळ्या तुमी आणायच्या."

त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पंगतीत बसून सोयऱ्यांची देवकं नेमतात म्हणून त्यांना कुणी लग्नाला बोलवत नसे.

पहाटे त्यांनी गायरानातल्या पळसाला हात जोडले, डहाळ्या ओल्या रुमालात बांधल्या आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. मानवतला वाजंत्र्यांमागं ते नव्या टोपीत चालले. माझ्या सुनेनं सहज विचारलं, "तात्या, तुमचं कोणतं हो देवक?"

अख्ख्या तालुक्याला देवकं वाटणारा माणूस गडबडला. "देवक बसवायला जोडपं लागतं, बाई. माजं लगीनच न्हाई झालं. बसलंच न्हाई कदी."

गाव आजही म्हणतं, तात्यांनी ठेकेदाराचे पैसे खाल्ले आणि ऐन वेळी पळाले. तात्यांनी ते कधी खोडलं नाही. आता ते नाहीत, आणि सभामंडपात बसून मी हे बोलणं ऐकतो. त्यांनी पैसे घेतले नव्हते. मी त्यांना नेलं होतं.

लग्नाहून परतताना आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हा रानाच्या जागी नुसते खुंट होते. ओल्या लाकडाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. मी कसंबसं म्हणालो, "तात्या, मला ठाऊक होतं."

"मला बी जातानाच शंका आली हुती, आण्णा," ते म्हणाले. "पर देवकाला मला कुणी बोलावलंच न्हवतं आजवर."

रुमालात पळसाची एक डहाळी उरली होती, कोमेजलेली. ती कुठं ठेवावी ते त्यांना कळेना. हातात धरून ते तसेच उभे राहिले.