जाड पडद्याची सरदारी गेली ती हकीकत

श्री. घडले ते लिहितो, पोटात दुखले तेही लिहितो. वाचणाराने खुशाल हसावे. शके १९४१, विकारी नाम संवत्सरे, वैशाख मासी सरकारचा हुकूम जाहला जे, हवेतील प्राणवायू लागून तळलेली शेव खवट होते, सबब ज्याचे पिशवीत ती चार महिने टिकेल त्यास वेष्टणखात्याची सरदारी. दोघांची टिकल्यास जुन्याकडेच राहील. सरदारी एकोणीस वर्षे आमची, आणि समोर उभी कोण, तर काल आलेली गिरजाबाई पायगुडे! तिचे पिशवीचा प्लास्टिकचा पडदा तीन पदरी, मधला पदर वायू अडविणाऱ्या जिनसाचा, आणि अवघा कांद्याच्या सालीएवढा पातळ, आणि सरकार तो हाती धरून "वाहवा" म्हणाले, आणि आमचे अंगाचा तिळपापड जाहला. एकोणीस वर्षांत आम्हांस एक वाहवा नाही! मग आम्ही आपला साधा पडदा तिप्पट जाड करविला. गिरजाबाई कारखान्यात येऊन अदबीने बोलिली, "दादासाहेब, जाडी तिप्पट, तर वायू तिसरा हिस्साच शिरेल. पण जाड पडदा सांधताना आंच वाढवावी लागते." आम्ही म्हटले, "बाई, आपले घर सांभाळा." आमचे कारखान्याची रीत ऐसी जे, पिशवीच्या कडा तापवून चिकटविणारे सांधपट्टीचे आंचेस सरदाराचे हुकुमावाचून कोणी हात लावू नये. मग पिशव्या सांधणारे हैबतीमामा पुसते जाहले, "साहेब, सांधा कच्चा वाटतो. आंच वाढवू का?" आम्ही गरजलो, "तिच्या सांगण्याने आमची पट्टी तापणार काय?" आणि पिशव्या जुन्याच आंचेवर सांधल्या गेल्या.

मग भाद्रपदी भरदरबारी पिशव्या फोडिल्या. तिची शेव कुरकुरीत. आमची सरकारांनी तोंडी घातली आणि थुंकून टाकली. आम्ही ओरडलो, "दगा! पडदा कोणी भोसकला!" मग गिरजाबाईने आमची दुसरी, न फोडलेली पिशवी पाण्यात दाबून दाखविली, आणि बुडबुडे सांध्यातून निघाले, पडद्यातून एकही नाही, आणि सरदारी गेली. दरबार उठता ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "दादासाहेब, पडदा तुमचा नामी होता. सांधा पक्का असता तर तुमचीही शेव टिकती. चार महिने मला अन्न गोड लागले नाही." आम्ही पुसले, "मग आंचेचे सांगितलेत कशास?" ती म्हणाली, "सांगितले नसते, तर तुम्ही मामांचे ऐकले असते."

सारांश, पडदा जाड केल्याने वायू कमी शिरतो, आणि सांधा कच्चा असता सारी जाडी व्यर्थ. हल्ली आम्ही बाईंचे हाताखाली चाकरीस असो. जळफळाट अद्याप आहे.