पौष्टिक ताकोयाकी

"दाताला काय लागलंय?" शिझुयोने विचारलं आणि कादोवाकींनी तोंड मिटलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. ओसाकात पिऊन आलेला नवरा एक वेळ सुटतो, ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपसचा तुकडा घातलेले पिठाचे गोळे, खाऊन आलेला सुटत नाही. वर भुरभुरलेली समुद्री शेवाळाची हिरवी भुकटी दातांवर बसून चुगली करते.

"परत स्टेशनजवळच्या गाडीवर? अहो, पुढच्या महिन्यात कंपनीच्या आरोग्य तपासणीत पोटाचा घेर मोजणारेत. यंदाही कमी नाही भरला, तर ती गाडी कायमची बंद. सांगून ठेवते!"

कादोवाकी रोज ऑफिसातून पार पिळून निघत. दिवसभरात हवीशी वाटणारी तेवढी एकच गोष्ट होती. तीही जाणार म्हटल्यावर त्यांना वाचा फुटली.

"अगं, पौष्टिक असतं ते! ऑक्टोपस म्हणजे नुसती प्रथिनं, चरबी नावाला नाही. कोबी आहे, अंडं आहे, शेवाळात लोह आहे. डॉक्टर तरी दुसरं काय खायला सांगतो?"

"आणि पीठ? सॉस? मेयोनेझ?"

"ते आपलं... चवीपुरतं."

शिझुयोही दमलेली होती. आज काय करू, हा प्रश्न तिला लग्नापासून छळत होता. तिने सासूबाईंनी लग्नात दिलेला, आप्पेपात्रासारखा खळग्यांचा तवा फडताळातून काढला.

"एवढं पौष्टिक असेल, तर आता हेच. सॉस आणि मेयोनेझ चवीपुरतंसुद्धा नाही."

रात्री ताकोयाकी. सकाळी उरलेलं, मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सारात बुडवून. डब्यात तेच, गार. मग तिने पीठ कमी करून टोफू घातला, कोबी वाढवला. कादोवाकींनी सोबत भात मागितला तर म्हणाली, "पौष्टिक खाताय ना? मग भात कशाला?" स्तुती स्वतःच्याच तोंडची, तक्रार करणार कुणाकडे? हळूहळू गोळा दिसला की त्यांची भूक मरू लागली. स्टेशनजवळची गाडी दिसली की ते रस्ता ओलांडून पलीकडून जात.

मोजणीच्या दिवशी नर्सने टेप पुन्हा लावून पाहिली. "कमाल केलीत, कादोवाकीसान! खाता तरी काय?"

"ताकोयाकी," ते मरगळून म्हणाले. ती पोट धरून हसली.

घरी शिझुयो दारातच उभी होती, आणि खरोखर खूश होती. "हरले बाई मी! आता रोज खा गाडीवर, चकार शब्द काढणार नाही. आजचं मीच आणलंय, सॉस-मेयोनेझ सगळं घालून."

टेबलावर पुडा उघडा होता. गोळ्यांवर सुक्या माशाचे कागदासारखे पातळ काप वाफेने हलत होते. कादोवाकी खुर्चीत टेकले आणि त्यांनी पुडा हळूच बाजूला सारला.

"थोडा भात मिळेल का गं?" ते म्हणाले. "नुसता."