बाहेरून कुलूप

रोज सकाळी कामाला निघताना चावीवाले मास्तर बायकोला घरात ठेवत आणि दाराला बाहेरून कुलूप घालत. ऐकायला भलतंच वाटेल, पण मास्तरांना दोष देऊ नका. युक्ती बायकोचीच होती. तीन महिन्यांचं भाडं थकलेलं, मालकीणबाईंचं माणूस कधी येऊन उभं राहील याचा नेम नाही. आणि दाराला कुलूप दिसलं की माणूस कडी वाजवत बसत नाही, आल्या पावली परत जातो, हा तिचा हिशेब. आत बसून ती उशांचे अभ्रे शिवायची. जिन्यात पावलं वाजली की मशीन थांबवायची, पावलं गेली की पुन्हा चालू. फोनसुद्धा बंद ठेवायची, कारण तो वाजला की पलीकडे मालकीणबाईच असायच्या.

"अगं, पण असं किती दिवस चालायचं?" मास्तर विचारत.

"तुमच्या टपरीसमोरचा खड्डा बुजेपर्यंत," बायको म्हणे. "तो काही मी खणलेला नाही."

ते खरंच होतं. पाइप टाकायचा म्हणून टपरीसमोरचा रस्ता खणला आणि पाइप टाकायचा तेवढा राहिला. आता मातीचा ढीग चढून, फळीवरून तोल सांभाळत, एका किल्लीसाठी कोण येतंय? गिऱ्हाईक नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून भाडं नाही. भाड्याचा सगळा व्यवहार पहिल्यापासून बायकोकडे. मालकीणबाईंच्या लेखी मास्तर म्हणजे "तिचा तो नवरा". त्यांनी मास्तरांना कधी पाहिलं नव्हतं आणि मास्तरांनीही ती हौस कधी केली नव्हती.

अशाच एका सकाळी एक गृहस्थ फळीवरून डुगडुगत टपरीपर्यंत आले. कपडे इस्त्रीचे, चेहरा मात्र चुरगळलेला.

"कुलूप उघडून मिळेल का हो?"

"मिळेल का म्हणजे?" मास्तर खुलले. आठवड्यातलं पहिलं गिऱ्हाईक होतं. "साहेब, या हातांनी उघडणार नाही असं कुलूप अजून जन्माला यायचंय. किल्ली हरवली का?"

"किल्ली भाडेकरूकडे आणि भाडेकरू पसार. तीन महिन्यांचं भाडं बुडवून पळालाय लेकाचा. मी किती वेळा येऊन गेलो, दाराला आपलं कुलूपच! शेवटी सासूबाई म्हणाल्या, उघडा, सामान बाहेर काढा, आपलं कुलूप घाला. दुसरा भाडेकरू तयारच आहे."

"अरेरे! कसले कसले लोक असतात जगात," मास्तर कानस पुसत म्हणाले. "कुठे आहे खोली?"

"ही काय मागच्या गल्लीत. पिवळी इमारत, दुसरा मजला, डाव्या हाताला."

मास्तरांच्या हातातली कानस सुटली आणि थेट पायाच्या अंगठ्यावर पडली. पण ओरडायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही. पिवळ्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताला त्यांचा संसार होता, आणि त्या संसारात या घटकेला बायको अभ्रे शिवत बसली होती.

"ते कुलूप नाही उघडायचं," ते कसेबसे म्हणाले.

"तुम्ही पाहिलंय?"

"नाही, नाही! मी कशाला पाहू? पण पिवळ्या इमारतीतली कुलपं जरा हट्टी असतात, असं ऐकून आहे."

"राहू दे मग. पलीकडे वेल्डिंगवाला आहे, त्याच्याकडून कापूनच घेतो."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर ठिणग्या उडाल्या. कुलूप तुटलंय, दार सताड उघडलंय आणि आत बायको हातात अभ्रा घेऊन उभी आहे. नको रे बाबा! निदान आपण जवळ असू तर वेळ तरी काढता येईल. ते घाईघाईने उठले.

"अहो, थांबा! चांगलं कुलूप कशाला कापता? आठशे रुपये पडतील." एवढा आकडा ऐकून माणूस पळेल अशी त्यांना आशा होती.

पण माणूस पळाला नाही. उलट त्याने निम्मे पैसे काढून पुढे केले. नाही म्हणावं असं मास्तरांच्या फार मनात होतं, पण इतक्या दिवसांनी नोटा दिसल्यावर हात आपला आपणच पुढे गेला.

वाटेत गृहस्थांनी मन मोकळं केलं. ते मालकीणबाईंचे जावई. नोकरी सुटल्यापासून सासूबाईंच्याच घरी राहत होते आणि भाडेवसुली त्यांच्या गळ्यात पडली होती. "आज कुलूप उघडल्याशिवाय आलात तर ताट वाढणार नाही म्हणाल्या. मस्करी नाही करत हो, खरंच वाढत नाहीत."

मास्तरांना त्यांची दया आली, पण पाय काही उचलेना. प्रत्येक कोपऱ्यावर त्यांना दम लागत होता.

"द्या इकडे ती पिशवी," जावईबापू म्हणाले आणि भाडं बुडवणाऱ्याची हत्यारं खांद्याला लावून भाडं बुडवणाऱ्याच्या घराकडे झपाझप चालू लागले.

दुसऱ्या मजल्यावर समोरच्या मावशी दारात उभ्याच होत्या. या मावशींना दिवसभर दारात उभं राहण्याचं काम असे आणि त्या ते मन लावून करत.

"अगंबाई! मास्तर, आज इतक्या लवकर? आणि हे काय, स्वतःच्या—"

मास्तरांना खोकल्याची अशी उबळ आली की जावईबापूंनी त्यांची पाठ चोळली. खोकता खोकता मास्तरांनी मावशींना डोळ्यांनी, भुवयांनी आणि शेवटी चक्क दोन्ही हात जोडून विनवलं.

"तुम्ही ओळखता यांना?" जावईबापूंनी विचारलं.

"चावीवाल्याला कोण ओळखत नाही?" मावशी म्हणाल्या. त्यांची नजर जावईबापूंवरून कुलपावर आणि कुलपावरून मास्तरांवर गेली, आणि त्यांना सगळा प्रकार उमगला. "काय, या घराचं कुलूप उघडायचंय? उघडा की. मी आपली बघत बसते." त्या आत गेल्या आणि बसायला खुर्ची घेऊन आल्या.

आता मास्तरांची खरी पंचाईत झाली. कुलूप त्यांनी स्वतः बनवलेलं, सात लिव्हरचं. त्याची किल्ली त्यांच्याच खिशात, मांडीला टोचत होती. त्यांनी पिशवीतली एकेक तार काढली, फुंकर मारली, कुलपात घातली आणि अगदी जपून, चुकूनसुद्धा उघडणार नाही अशा बेताने फिरवली.

"होतंय का?" जावईबापू दर थोड्या वेळाने विचारत.

"होतंय, होतंय. फार चांगल्या कारागिराचं काम आहे हे."

"उघडत का नाही मग?"

"म्हणून तर चांगलं म्हणतोय!"

खटपटीचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे दोघं-तिघं खाली आले. मावशींनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि सगळे तोंडावर हात धरून जिन्यात बसले. त्यातला एक मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "मास्तरांना कुलूप उघडत नाही म्हणजे काय! वय झालं म्हणायचं."

हे मात्र मास्तरांना झोंबलं. घर गेलं तर दुसरं मिळेल, पण गेलेलं नाव कुठून आणायचं? उभ्या आयुष्यात कुलपापुढे हार मानली नव्हती, आणि आज या टवाळांसमोर आपल्याच कुलपापुढे मान खाली घालायची! तिरीमिरीत त्यांचा हात जरा सफाईने फिरला आणि एक लिव्हर खट्‌कन सरकला. मास्तर दचकले आणि त्यांनी तो गुपचूप परत जागेवर बसवला.

"मी म्हणतो कापूनच टाकू," जावईबापूंचा धीर सुटला. "बोलावतो वेल्डिंगवाल्याला."

"पाच मिनिटं द्या हो!" मास्तर काकुळतीला आले आणि जोरजोरात तार हलवू लागले. तेवढ्यात आतून किंकाळी आली.

"चोर! चोर! धावा! कुलूप फोडतोय मेला!"

जिन्यात बसलेल्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. जावईबापू तर भिंतीलाच चिकटले. मास्तरांनी कपाळाला हात लावला. बिचारीचं तरी काय चुकलं? पावलं ऐकून ती आत स्वयंपाकघरात दडलेली, तिथे बोलणं कळत नाही, खडखड तेवढी पोचते. नवरा रोज किल्लीने दार उघडतो. तारेची खरखर ऐकून तिने चोरच समजायचा.

"आत बाई आहे!" जावईबापू पुटपुटले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि आवाज चढला. "आत बाई आणि बाहेरून कुलूप! अहो, कोंडून ठेवलंय तिला त्या राक्षसाने! भाडं गेलं खड्ड्यात, हे पोलिसांचं काम आहे!" त्यांनी फोन काढला आणि दाराला तोंड लावून ओरडले, "ताई, घाबरू नका! आम्ही तुम्हाला सोडवायला आलोय! कुठे गेलाय तुमचा नवरा?"

"तुम्ही आधी त्यालाच बोलवा!" बायको आतून कडाडली. "कोपऱ्यावर खणलेला रस्ता आहे ना, त्याच्या पलीकडे चावीची टपरी आहे त्याची! तो आला की तुमची एकेकाची हाडं मोडेल!"

जावईबापू सावकाश वळले. आधी त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग खांद्यावर पिशवीच्या पट्ट्याने शर्टाला पडलेल्या सुरकुत्यांकडे, आणि मग मास्तरांकडे. मास्तरांनी खिशातली किल्ली काढली, कुलपात घातली आणि फिरवली. कुलूप लोण्यासारखं उघडलं.

दारात बायको उभी होती, हातात कात्री. नवरा दिसताच तिची कात्री खाली आली, इस्त्रीचे कपडे दिसताच चेहराही उतरला.

"मला कुणी कोंडलेलं नाही साहेब," ती म्हणाली. "लाज वाटायची म्हणून मीच कोंडून घेत होते. तीन महिने झाले, तुमच्यासमोर रिकाम्या हाताने कसं यायचं? काढायचं तर काढा सामान. फक्त मशीन जपून उतरवा, पोट त्याच्यावर आहे." आणि तिला रडू फुटलं.

मास्तरांनी आगाऊ घेतलेल्या नोटा काढल्या आणि जावईबापूंपुढे धरल्या. "चुकलो साहेब. भीती वाटली. भीतीपोटी माणूस काय वाट्टेल ते करतो."

जावईबापू तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. काही वेळ त्यांना रागवावं की काय करावं हेच कळेना. सासूबाईंना सांगणार तरी काय? की ज्याला शोधायला गेलो त्याच्याच टपरीवर गेलो, त्याला पैसे दिले, त्याची पिशवी वाहिली आणि वर त्याची पाठही चोळली? ताट तर गेलंच, पाटसुद्धा गेला असता. आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सासूबाईंच्या आवाजाला स्पीकरची गरज नव्हती, अख्ख्या जिन्याला तो ऐकू येत होता.

"उघडलं का कुलूप?"

"उघडलं."

"आत काय सापडलं?"

जावईबापूंनी डोळे पुसणाऱ्या बाईकडे पाहिलं. "भाडेकरू सापडले," ते म्हणाले. "बाहेरगावी होते. या महिन्यापासून भाडं देतात, आणि मागचं थोडं थोडं करून फेडतात म्हणाले. पहिला हप्ता दिलाय, माझ्या हातातच आहे."

"बरं झालं. चावीवाल्याचे किती ठरवलेत?"

"आठशे."

"आठशे! ते भाडेकरूच्या डोक्यावर टाका. थकबाकीत धरा."

मास्तरांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. मास्तरांचं कुलूप मास्तरांनी उघडल्याची मजुरी आता मास्तरांनी मास्तरांना द्यायची होती. त्यांनी तो हिशेब सोडून दिला.

"आणि त्या भाडेकरूला म्हणावं, जरा त्या चावीवाल्याकडे बघ. समोर रस्ता खणलेला असूनही बिचारा म्हणे टपरी उघडून बसतो. अशा कष्टाळू माणसाचं भाडं कधी थकायचं नाही."

"सांगतो," जावईबापू म्हणाले. बायकोला रडतारडता हसू आलं.

"गेला का तो चावीवाला? नाही ना? मग आलाच आहे तर समोरचंही दार उघडून घ्या. त्या बाईचे दोन महिने थकलेत. दिवसभर दारात उभी असते आणि भाड्याचं नाव काढलं की आत जाऊन बसते. तिचंही सामान काढा. आठशे तिच्याही डोक्यावर."

सगळ्यांनी समोर पाहिलं. खुर्चीही नव्हती आणि मावशीही नव्हत्या. दार बंद होतं.

जावईबापूंनी फोन मास्तरांच्या हातात दिला. मास्तर त्या बंद दाराकडे बघत राहिले. आठशे रुपये म्हणजे थोडेथोडके नव्हेत, आणि खड्डा काही इतक्यात बुजत नव्हता.

"मालकीणबाई, चावीवाला बोलतोय. समोरचं दार पाहिलं मी. ते माझ्याच्यानं नाही उघडायचं."

"नाही उघडायचं? मग कसले हो तुम्ही चावीवाले?"

"तसलाच आहे बाई," मास्तर म्हणाले. "जरा कच्चंच आहे माझं काम." आणि त्यांनी फोन परत केला. जिन्यातलं कुणी या वेळी हसलं नाही.

फोन बंद झाल्यावर जावईबापू दबक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, खरं सांगा, एवढं कसलं कुलूप आहे हो तिथे?"

"कुलूप कसलं डोंबलाचं? साधी कडी आहे, तीही मोडकी. नुसतं ढकललं तरी दार उघडेल."

आतून खुर्ची सरकवून दाराला लावल्याचा आवाज आला.